दिवाणी दाव्यासाठी मोबाइल-संगणकातला पुरावा कसा जपावा: गोव्यातील नवख्या पक्षकारांसाठी

फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरावर नवा स्लॅब पडला आणि पहिल्याच पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला ओल आली. कंत्राटदाराने हात वर केले. कामाची हमी त्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिलेली होती, त्यामुळे पुरावा आपल्या हातात आहे या भरवशावर मी स्क्रीनशॉटच्या छापील प्रती घेऊन वकीलबाईंकडे गेले. त्यांनी त्या एकेक करून टेबलावर मांडल्या आणि विचारले, "हा 'स्लॅबवाले' म्हणजे कोण?" मी त्या माणसाचा क्रमांक याच नावाने साठवला होता. प्रत्येक चित्रावर नाव होते, क्रमांक कुठेच नव्हता, आणि निम्म्या चित्रांवर तारीखही नव्हती. ज्या फोनवर ते संदेश आले होते, तो मी दोन महिन्यांपूर्वीच दुकानात देऊन बदल्यात नवा घेतला होता.

आमचा दावा वाचला तो भावामुळे. घरदुरुस्तीच्या गटात तो होता, त्याचा फोन तोच होता आणि त्याने काहीही पुसलेले नव्हते. इतके नशीब प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, म्हणून त्या वर्षभरात जे शिकले ते क्रमाने लिहीत आहे. तुमच्या प्रकरणात कोणते पाऊल लागू पडते हे तुमचे वकीलच ठरवतील. मात्र त्यांच्याकडे जाण्याआधीच जे हातून निसटते, ते वाचवणे तुमच्याच हाती असते.

१. पुरावा जपण्याची जबाबदारी कधी सुरू होते ते आधी समजून घ्या

इंटरनेटवर शोधले की 'लीगल होल्ड', म्हणजे दाव्यासाठी नोंदी पुसू न देता राखून ठेवण्याचे बंधन, हा प्रकार वारंवार समोर येतो. तो मुख्यतः अमेरिकेतला आहे. तिथल्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांतील ३७(ई) हा नियम २०१५ साली नव्या स्वरूपात लागू झाला. दाव्याची शक्यता दिसत असताना जी इलेक्ट्रॉनिक माहिती जपायला हवी होती, ती वाजवी काळजी न घेतल्याने कायमची गमावली, तर न्यायालय काय करू शकते हे तो सांगतो. आपल्याकडे असे एका ओळीत सांगणारे कलम नाही. त्यावरून "मग भारतात असे काही बंधनच नाही" असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात, आणि तो चुकीचा आहे. आपल्याकडे हीच जबाबदारी निरनिराळ्या कायद्यांतून येते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली न्यायालय तुम्हाला तुमच्या ताब्यातले दस्तऐवज उघड करायला सांगू शकते. तो आदेश पाळला नाही तर वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो आणि प्रतिवादीचा बचाव काढून टाकला जाऊ शकतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ मधील उदाहरण (छ) असे की, जो पुरावा सादर करता आला असता पण केला नाही, तो सादर झाला असता तर रोखून धरणाऱ्याच्या विरुद्ध गेला असता, असे न्यायालय गृहीत धरू शकते. जुन्या पुरावा कायद्यात हेच कलम ११४ मध्ये होते. भारतीय न्याय संहितेचे कलम २४१ त्याहून कडक आहे. जो दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेख न्यायालयात हजर करण्यास माणूस कायद्याने बांधील ठरू शकतो, तो पुरावा म्हणून वापरता येऊ नये या हेतूने लपवला किंवा नष्ट केला, तर ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. याखेरीज व्यवसाय असेल तर दाव्याचा संबंध नसतानाही हिशेब ठेवावेच लागतात: कंपनीला ८ आर्थिक वर्षांचे, आणि वस्तू व सेवा कर भरणाऱ्याला वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने.

वाद व्यापारी स्वरूपाचा असेल आणि रक्कम ३ लाख रुपये किंवा त्याहून अधिक असेल, तर व्यापारी न्यायालय अधिनियम, २०१५ लागू होतो. बांधकामाचे करारही त्यात येतात. तिथे आपल्या ताब्यातले सगळे संबंधित दस्तऐवज, आपल्या बाजूचे आणि आपल्या विरुद्ध जाणारेही, दाव्याबरोबरच उघड करावे लागतात, आणि ही जबाबदारी दावा निकाली निघेपर्यंत चालू राहते.

तेव्हा तारीख कोणती धरायची? नोटीस हाती पडली तो दिवस तर नक्कीच. पण त्याआधी कुणीतरी "आता कोर्टातच बघू" म्हटले असेल, तर त्याच दिवसापासून धरा.

२. आपोआप पुसले जाणे त्याच दिवशी थांबवा

पुरावा मुद्दाम नष्ट करणारे थोडे असतात. बहुतेकांचा पुरावा यंत्रच पुसते आणि त्यांना पत्ताही नसतो.

व्हॉट्सॲपवर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी संदेश नाहीसे होण्याची सोय चालू आहे का, ते प्रत्येक संबंधित संभाषणात जाऊन पाहा. ती बंद केली तरी आधीच्या संदेशांवर लागलेली मुदत बदलत नाही, ते ठरल्या वेळी जातातच. म्हणून त्यांची प्रत त्याच क्षणी काढा. जीमेलच्या कचरापेटीतले पत्र ३० दिवसांनी कायमचे जाते. नोकरीच्या जागेवरून वाद असेल, तर राजीनाम्यानंतर कार्यालयीन ईमेल कोणत्याही दिवशी बंद होऊ शकतो हे लक्षात घ्या. मात्र मालकाची गोपनीय कागदपत्रे घाईने स्वतःच्या खात्यावर पाठवू नका, वकिलांना विचारा.

सर्वांत जास्त घाई सीसीटीव्हीच्या बाबतीत करावी लागते. त्या पेटीतली डिस्क भरली की यंत्र जुन्या चित्रणावर नवे चित्रण लिहू लागते, आणि किती दिवसांचे मागे राहते हे डिस्कच्या आकारावर आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. आमच्या समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात कंत्राटदाराचे कामगार सिमेंटच्या गोणी परत नेताना दिसले असणार, याची मला खात्री होती. मी चतुर्थीनंतर विचारायला गेले. तोवर ते चित्रण गेले होते. दुकानदाराने सज्जनपणे पेटी उघडून दाखवली, यादीतला सर्वांत जुना दिवस फक्त १७ दिवसांपूर्वीचा होता.

३. कोणाकडे काय आहे, ते कागदावर लिहा

वहीत चार रकाने आखा: नोंद कसली, कोणाच्या उपकरणात, कोणत्या काळातली, आणि आता ती कुठे आहे. घरातली सगळी माणसे एकत्र बसवून हे करावे. आमच्या यादीत माझा नवा फोन, भावाचा फोन, वहिनीने काढलेले भिंतीचे फोटो, बाबांच्या बँक खात्यातले व्यवहार, आणि हिशेबाची एक्सेल फाइल असलेला लॅपटॉप एवढे निघाले. मुंबईत राहणाऱ्या चुलतभावाला कंत्राटदाराने दरपत्रक ईमेलने पाठवले होते, हे त्याच बैठकीत समजले.

४. आपल्या विरुद्ध जाणारा संदेशही जपा

माझ्याच एका संदेशात मी लिहिले होते, "वॉटरप्रूफिंगचे नंतर पाहू, सध्या पैशांची ओढाताण आहे." दावा गळतीचा आणि संदेश हा. तो पुसावा असे मनात आले, हे मी लपवत नाही. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितले की तो समोरच्याच्या फोनवर आहेच. तिकडून तो आला आणि आपल्याकडे नाही असे दिसले, तर आपल्या बाकीच्या प्रत्येक संदेशावरचा विश्वास उडेल. आम्ही तो दाव्यातच जोडला आणि त्याखालचा पुढचा संदेशही जोडला, ज्यात कंत्राटदाराने "त्याशिवायही पाणी येणार नाही, माझी जबाबदारी" असे उत्तर दिले होते. एकट्या संदेशाने आमचे नुकसान झाले असते. पूर्ण संभाषणामुळे आमची बाजू उभी राहिली. म्हणून सोयीचे तेवढे कापून ठेवू नका, संभाषण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सलग ठेवा.

५. मूळ उपकरण सांभाळा

स्क्रीनशॉट हे पुराव्याचे चित्र आहे, पुरावा त्या उपकरणात आहे. तो फोन विकू नका, बदल्यात देऊ नका, फॅक्टरी रीसेट करू नका. दुरुस्तीला द्यावाच लागला, तर आधी प्रत काढा आणि दुरुस्तीची पावती ठेवा. *#०६# दाबले की पडद्यावर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, येतो; त्याचा दुसऱ्या फोनने फोटो काढा, कारण तो पुढे न्यायालयात द्यायच्या प्रमाणपत्रात (मुद्दा ८) लिहावा लागतो. खरेदीचे बिल सापडत असेल तर तेही त्या फोटोसोबत ठेवा.

सिमकार्डचे रिचार्ज चुकवू नका. क्रमांक बंद पडला तर कालांतराने तो दुसऱ्याला दिला जातो, आणि १२० दिवस वापर नसलेले व्हॉट्सॲप खाते पुसले जाऊ शकते.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचारही करावा लागतो. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, तिथे हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह नुसते ठेवून चालणार नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांसह ठेवा, आणि बंद ठेवलेला फोन महिन्यातून एकदा काढून निम्मा चार्ज करा.

६. प्रत काढण्याची पद्धत

व्हॉट्सॲपवर संभाषण निर्यात करण्याची सोय आहे, तिने सलग मजकुराची फाइल मिळते. त्या फाइलमध्येही तुम्ही साठवलेले नावच येते, क्रमांक येत नाही; म्हणून त्या व्यक्तीच्या माहितीचे पान, ज्यावर पूर्ण क्रमांक दिसतो, त्याचेही चित्र घ्या. माध्यमांसह निर्यात केल्यास संदेशांच्या संख्येला मर्यादा पडते, तेव्हा मोठे संभाषण असल्यास मजकूर वेगळा आणि फोटो, ध्वनिसंदेश वेगळे काढून घ्यावेत.

ईमेल पुढे पाठवून 'जपू' नका. पुढे पाठवलेल्या पत्रात मूळ पत्राचा मार्ग दाखवणाऱ्या आतल्या ओळी राहत नाहीत. मूळ संदेश फाइल म्हणून उतरवून घेण्याची सोय जीमेलमध्ये आहे, ती वापरा. फोटोंचेही तसेच. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो आक्रसतो आणि तो कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ही आतली माहिती गळून पडते. वहिनीने भिंतीचे फोटो आम्हाला गटात टाकले होते, पण उपयोगी पडले ते तिच्या फोनमधून केबलने लॅपटॉपवर घेतलेले मूळ फोटो.

प्रत झाली की तिचा हॅश काढा. हॅश म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिताने निघणारी अक्षर-अंकांची ओळ. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते, आणि फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी पूर्ण ओळ बदलते. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा त्यासाठी आधीपासूनच असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. रविवारी दुपारी भाऊ लॅपटॉपवरून एकेक चिन्ह वाचत होता आणि मी पेनड्राइव्हवरच्या प्रतीची ओळ बोटाने ताडून पाहत होते. संभाषणाची फाइल जुळली, फोटो जुळले, हिशेबाची एक्सेल फाइल मात्र जुळेना. आदल्या रात्री एक बेरीज पाहण्यासाठी मी ती उघडली होती आणि बंद करताना सवयीने जतन केली होती. त्या दिवसापासून नियम केला: मूळ फाइलला हात लावायचा नाही, पाहायचे असेल तर दुसरी प्रत उघडायची.

प्रत कोणी, कधी, कोणत्या उपकरणातून काढली आणि नंतर ती कोणाच्या हाती गेली, याची तारीखवार नोंद त्याच वहीत ठेवा.

७. दुसऱ्याकडे असलेल्या नोंदींसाठी लेखी मागणी करा

समोरच्या पक्षाला वकिलांमार्फत जी नोटीस जाते, तिच्यात एक परिच्छेद आवर्जून घालायला सांगा: अमुक तारखेपासूनचे संदेश, ईमेल, फोटो, हिशेब जपून ठेवावेत, आणि ते नष्ट झाल्यास न्यायालयाला तसे निदर्शनास आणले जाईल. कोणत्या नोंदी हव्या आहेत हे नेमके लिहा, "सर्व कागदपत्रे" असे मोघम नको. नोटीस नोंदणीकृत डाकेने जावी आणि पोचपावती सांभाळावी, कारण पुढे कलम ११९ चा आधार घ्यायचा झाल्यास समोरच्याला कल्पना होती हे त्यातूनच दिसते.

शेजारी, दुकानदार, सोसायटी यांच्यावर तुमच्या पत्राचे तसे कायदेशीर बंधन येत नाही. तिथे आधी जाऊन बोलणे आणि मग साधे पत्र देणे हाच मार्ग. ते देत नसतील तर दावा दाखल केल्यावर आदेश १६ खाली त्यांना दस्तऐवज घेऊन येण्याचे समन्स काढता येते, आणि वस्तू जपण्यासाठी किंवा तपासण्यासाठी आदेश ३९ नियम ७ खाली अर्ज करता येतो. सरकारी कार्यालयातील नोंद असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही करावा, त्याला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. कॉलची नोंद मोबाइल कंपनी पक्षकाराच्या तोंडी मागणीवर देत नाही, त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो. परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांनी ती किमान २ वर्षे ठेवायची असते, म्हणून त्या मुदतीच्या आत अर्ज व्हायला हवा. बँकेचा उतारा घेताना बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्टच्या कलम २अ चे प्रमाणपत्र त्याच वेळी मागून घ्या. मी नुसता शिक्क्याचा उतारा आणला होता, मला पुन्हा शाखेत जावे लागले.

एक सापळा इथेच सांगते. समोरच्याचा पासवर्ड ठाऊक आहे म्हणून त्याच्या खात्यात शिरून पुरावा काढू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा खात्यात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तुमच्याच अंगावर येते.

८. प्रमाणपत्र: बहुतेक दावे इथे अडतात

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्या दिवशी प्रलंबित असलेल्या प्रकरणांना जुना १८७२ चा कायदा आणि त्याचे कलम ६५ब लागू राहते. नव्या कायद्यात तीच जागा कलम ६३ ची आहे. मूळ उपकरण न आणता त्यातल्या नोंदीची छापील किंवा दुसरी प्रत सादर करायची तर कलम ६३(४) चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

याचे महत्त्व जालन्याच्या एका निवडणूक खटल्यातून ठळक झाले. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही हे दाखवणारे निवडणूक कार्यालयातले चित्रण तिथे वादाचा विषय होते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की, प्रत सादर करताना प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र उपकरणाच्या मालकाने स्वतः साक्षीला उभे राहून मूळ उपकरणच दाखवले, तर त्याची गरज नाही. ज्याच्याकडे यंत्र आहे तो मागूनही प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते. म्हणून आपण केलेल्या लेखी मागणीची प्रत जपावी.

नव्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्याचा भाग अ उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा आणि भाग ब तज्ज्ञाने. उपकरणाचा प्रकार, कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय आणि हॅश हे सगळे त्यात लिहावे लागते. भावाच्या फोनसाठी भाग अ भावानेच भरला. मी भरला असता तर ते चुकीचे ठरले असते, कारण तो फोन माझ्या ताब्यात कधीच नव्हता. तज्ज्ञ कोण याची व्याख्या कलम ६३ मध्ये दिलेली नाही, त्यामुळे तुमच्या न्यायालयात कोणाची सही चालते हे वकिलांना आधी विचारा आणि त्या माणसाची वेळ दावा दाखल करण्याच्या बऱ्याच आधी घ्या. प्रमाणपत्र अभिलेखासोबतच द्यायचे असते.

९. भाषांतर

गोव्यातल्या न्यायालयांचे काम इंग्रजीत चालते आणि आपले संदेश मराठीत, देवनागरी कोंकणीत, रोमी कोंकणीत, कधी तिन्हीच्या मिश्रणात असतात. कंत्राटदाराचे निम्मे बोलणे ध्वनिसंदेशांत होते: "फाल्यां येतां", "फाल्यां पळोवया". आधी ध्वनिसंदेशाचे शब्दशः लेखन, मग त्याचे भाषांतर, आणि दोन्हींसोबत मूळ ध्वनिफाइल असा क्रम ठेवा. भाषांतर करणारा इथल्या बोलीशी परिचित असावा. आमच्या पहिल्या मसुद्यात "पळोवया" चा अर्थ 'पळून जाऊ' असा लावला गेला होता, आणि तो तसाच दाखल झाला असता तर एका साध्या "पाहू या"चा भलताच आरोप झाला असता.

१०. वकिलांकडे जाताना बरोबर काय न्यावे

- मूळ फोन किंवा लॅपटॉप, त्याचे बिल, आयएमईआय किंवा अनुक्रमांकाचा फोटो
- निर्यात केलेले संभाषण, मूळ ईमेल फाइली आणि मूळ फोटो, दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर
- प्रत्येक फाइलचा हॅश आणि तो काढल्याची तारीख
- चार रकान्यांची वही
- नोटिसा, पोचपावत्या, आणि दुकानदार वा कार्यालयाला दिलेल्या पत्रांच्या प्रती
- बँकेचा उतारा प्रमाणपत्रासह
- घटनाक्रम, तारीखवार, एका पानावर

ज्या दस्तऐवजांवर वादी विसंबतो ते दाव्याबरोबरच द्यावे लागतात. उशिरा आणलेल्या कागदासाठी न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती मिळेलच असे नाही.

११. निकालानंतर लगेच काही पुसू नका

हुकूमनाम्यावर अपील करायला जिल्हा न्यायालयासाठी ३० दिवस आणि उच्च न्यायालयासाठी ९० दिवसांची मुदत असते, आणि उशीर माफ करून घेण्याचा अर्जही होऊ शकतो. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी तर १२ वर्षांची मुदत आहे. आमचा दावा तडजोडीने मिटला, रक्कम तीन हप्त्यांत ठरली, आणि भावाने शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्यावर, वकीलबाईंना विचारूनच, तो जुना फोन डब्यातून बाहेर काढला.